१९०९ ची अर्जेंटाइन माउझर ॲक्शन: हरणासाठी रायफल बांधायची आहे, सुरुवात कुठून करू?

वारणाकाठ (पेन्सिल्व्हेनिया)

नमस्कार मंडळी. मी मूळचा वारणा खोऱ्यातला, बरीच वर्षं झाली मध्य पेन्सिल्व्हेनियात आहे. इथलं नागरिकत्व मिळाल्यावर शिकारीचा सुरक्षा कोर्स केला, लायसन्स काढलं, आणि तेव्हापासून दर हंगामाला शेजाऱ्यांबरोबर व्हाइटटेल हरणामागे जातो. घरात मांस येतं हे आहेच, पण मला त्या जंगलाची ओढ लागली आहे.

आमच्या शेजारी पोलाद कारखान्यातून निवृत्त झालेले एक आजोबा राहतात. हात थरथरायला लागले तसं त्यांनी आपलं सामान माणसं बघून वाटायला काढलं. माझ्या वाट्याला आली अर्जेंटिनाच्या १९०९ मॉडेलची माउझर ॲक्शन. नळी नाही, दस्ता नाही. रिसीव्हर, बोल्ट, मॅगझिन आणि चापाची कडी, एवढंच. बर्लिनच्या डीडब्ल्यूएम कारखान्याचं नाव स्पष्ट वाचता येतं. पुढच्या रिंगवरचं अर्जेंटिनाचं राष्ट्रचिन्ह मात्र कुणीतरी घासून काढलंय. इथे रिसीव्हर म्हणजेच कायद्याने बंदूक, म्हणून आम्ही दोघं दुकानात जाऊन ४४७३ हा बंदूक घेण्याचा सरकारी फॉर्म भरून रीतसर नावावर करून घेतली.

बोल्ट हातात धरून मागे-पुढे केला की काय वाटतं हे ज्यांनी केलंय त्यांनाच कळेल. शंभरी ओलांडलेली वस्तू, पण कुठे खडखड नाही. माझ्या नव्या कारखानी रायफलीचा बोल्ट हिच्यापुढे सैल वाटतो.

आता मला यावर रायफल बांधून घ्यायची आहे. स्वतः लेथवर उभा राहणार नाही, ते माझं काम नव्हे. पण काय सांगायचं, कशाला नाही म्हणायचं, एवढं तरी कळलं पाहिजे. गावातल्या दुकानदाराचं म्हणणं, .३०० विनचेस्टर मॅग्नम काडतुसाची कर, एल्कसारख्या मोठ्या हरणालाही चालेल. आजोबांच्या मनात पहिल्यापासून .३०-०६ होतं. एक मित्र म्हणतो, जुनं लोखंड आहे, काचेच्या कपाटात ठेव आणि नवी रायफल विकत घे. आणि आजोबांकडे त्यांच्याच शेतातल्या काळ्या अक्रोडाची एक फळी आहे, दस्त्यासाठी तीही देतो म्हणतात.

पैसे साठवून करणार आहे, घाई नाही. कशावर आधी खर्च करावा?

लेथवाला (विस्कॉन्सिन)

वारणाकाठ, तुमच्या हातात फार चांगली वस्तू आली आहे. मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात टूलरूममध्ये शिकलो, मग मिलवॉकीकडे डाय-मेकर म्हणून आलो, आणि आता लायसन्स घेऊन फक्त जुन्या बोल्ट रायफलींचं काम करतो. त्यामुळे जरा सविस्तर लिहितो, वाचून घ्या.

पहिला पैसा पोलादावर खर्च करा. लाकूड, कोरीवकाम, दुर्बीण सगळं नंतर. लोक उलटं करतात. मखमली अक्रोड आणतात, चेकरिंग करून घेतात, आणि खालची ॲक्शन कशी आहे हे कुणी तपासलेलंच नसतं.

कारण असं आहे. त्या काळच्या माउझरचा रिसीव्हर कमी कार्बनच्या साध्या पोलादाचा. त्याला केस हार्डनिंग केलेलं असतं, म्हणजे वरचा पातळ थर कडक आणि आतला गाभा मऊ, चिवट. हे मुद्दाम केलेलं आहे. काही बिघडलं तर रिसीव्हर फुटून तुकडे होण्याऐवजी तो ताणला जावा, वाकावा. आपल्याकडे लोहार विळ्याच्या धारेला तेवढं पाणी देतो आणि पाठ मऊ ठेवतो, त्यामागचा विचार हाच. पण १९०९ च्या अर्जेंटाइन ॲक्शन ह्या कडक थराच्या बाबतीत जरा हात राखून केलेल्या असतात. यंत्रकाम बघाल तर माउझरच्या १८९८ मॉडेलच्या, म्हणजे ९८ च्या, सगळ्या लष्करी भावंडांत ही उजवी, आणि मऊपणासाठी बदनामही हीच. जोरदार काडतुसं चालवत गेलं की बोल्टचे पुढचे दोन लग, म्हणजे बोल्टला अडकवून धरणारे दात, रिसीव्हरच्या ज्या पायरीला टेकतात ती पायरी हळूहळू दबते. मग गोळी झाडल्यावर बोल्ट उचलायला जड जातो, आणि हेडस्पेस, म्हणजे काडतूस आणि बोल्ट यांच्यातली मोकळी जागा, वाढत जातो. हेडस्पेस वाढला की काडतुसाच्या पितळेला मागून आधार उरत नाही, आणि तिथून पुढचं सगळं धोक्याचं.

म्हणून आधी कडकपणा मोजून घ्या, आणि मोजणारा जाणता असू द्या. रॉकवेल म्हणजे हिऱ्याचं टोक दाबून कडकपणा मोजायची पद्धत. तिचं सी स्केल लावलं तर १५० किलोचा भार हिरा थेट पातळ थरातून खाली मऊ गाभ्यात घालतो आणि आकडा खोटाच कमी येतो. पातळ थराला सुपरफिशियल रॉकवेल, १५एन किंवा ३०एन स्केल. हे विचारल्यावर समोरचा गोंधळला तर ॲक्शन परत घेऊन या. लगच्या पायऱ्यांवर दाबल्याची खूण आहे का तेही त्याच वेळी बघून घ्या. ते नुसत्या डोळ्याने दिसत नाही, वाकवलेल्या तारेचं टोक त्या पायरीवरून फिरवलं की खाच असेल तिथे अडखळतं.

मऊ निघाली तरी जीव छोटा करू नका. अमेरिकेत उत्तम कस्टम काम करणारे कितीतरी लोक १९०९ ला पुन्हा कार्बन देऊन, म्हणजे री-कार्बुराइझ करून, मगच वापरतात. हा नेहमीचा रस्ता आहे. फक्त क्रम चुकता कामा नये. दुर्बिणीच्या बेससाठी भोकं पाडून ६-४८ चे आटे मारणं, मागच्या पुलावरचा क्लिपचा उंचवटा उतरवणं, घासलेल्या राष्ट्रचिन्हाची जागा एकसारखी गोल करणं, दोन्ही लग सारखे टेकवण्यासाठी हलकं लॅपिंग (पेस्ट लावून घासणं), हे सगळं उष्णतेच्या कामाआधी. एकदा कडक झाल्यावर कुणी लॅपिंगची पेस्ट घेऊन बसला तर विकत घेतलेला थर तोच घासून टाकतो. भट्टीत रिसीव्हर वाकू नये म्हणून आत नेमका बसणारा दांडा घालून कसतात, त्याबद्दलही विचारा.

बोल्टची मूठ सरळ आहे ना तुमची? दुर्बीण लावायची तर ती वाकडी हवी. ती कापून नवी वेल्ड करतात. वेल्डिंगची आच पुढच्या लगपर्यंत पोहोचली तर तिथलं पाणी उतरतं. म्हणून हेही काम हार्डनिंगच्या आधीचं, आणि बोल्ट रिसीव्हरबरोबरच भट्टीत पाठवायचा.

आता कॅलिबर. माझं मत ठाम आहे: ७×५७, म्हणजे ७ मिलिमीटर गोळीचं, ५७ मिलिमीटर लांब पितळेचं काडतूस.

दुकानदाराच्या .३०० मॅग्नमला नम्रपणे नाही म्हणा. त्याच्यासाठी बोल्टचा चेहरा मोठा कापावा लागतो, मॅगझिनचे ओठ बदलावे लागतात, आणि त्याचा दाब ६४,००० पीएसआयपर्यंत (चौरस इंचाला पौंड) मान्य आहे. तुमच्या ॲक्शनचं मूळ काडतूस ७.६५×५३, तिला एवढं ओझं द्यायचं कारणच नाही. पेन्सिल्व्हेनियाच्या झाडीत हरीण शंभर यार्डांच्या आत भेटतं. ७×५७ ला अमेरिकन मानक ५१,००० पीएसआय आहे, कारण १८९३ आणि १८९५ च्या त्याहून जुन्या माउझर अजून लोकांच्या घरात आहेत आणि कारखाने ते लक्षात ठेवून भरतात. १४० ग्रेनची गोळी सेकंदाला सुमारे २,६५० फुटांनी जाते. खांद्याला झटका मवाळ. व्हाइटटेलला ह्यापेक्षा जास्त लागत नाही.

मॅगझिनचं गणित समजून घेतलंत तर माझा आग्रह पटेल. पाउल माउझरने मॅगझिनची पेटी प्रत्येक काडतुसासाठी वेगळी घडवली. दोन रांगांत काडतुसं एकमेकांच्या खोबणीत बसतात, केंद्रं जोडली तर ६० अंशांचा त्रिकोण होतो. त्यावरून पेटीची मागची रुंदी येते काडतुसाच्या बुडाच्या व्यासाच्या १.८६६ पट. ७×५७ चं बूड जवळपास ११.९६ मिलिमीटर, म्हणजे पेटी २२.३ च्या आसपास. खांद्यापाशी हाच हिशेब पुन्हा करायचा, म्हणून पेटी पुढे निमुळती होते. आणि ७.६५ अर्जेंटाइन व ७×५७ यांची बुडाची आणि खांद्यापाशची जाडी जवळजवळ सारखीच आहे! बोल्टचा चेहराही तोच. म्हणजे नळी बदलली की खाऊ घालण्याचं काम ॲक्शन जन्मापासून जसं करत आली तसंच करत राहील. तुम्हाला बोल्ट सरकवताना जो आनंद झाला तो ह्या गणिताचा आहे, आणि तो काडतुसं भरलेली असतानाही टिकला पाहिजे. मोठी पंजासारखी एक्स्ट्रॅक्टर पट्टी काडतूस मॅगझिनमधून वर येतानाच बुडाला धरते आणि सोडत नाही, रायफल आडवी असो की उलटी. ती चाल बिघडवणारा कोणताही बदल मी करू देणार नाही.

आजोबांचं .३०-०६ वाईट नाही, बोल्टला बसतंही. पण ते ८४.८ मिलिमीटर लांब, ७×५७ ७८ मिलिमीटर. ७.६५ साठी घडवलेल्या मॅगझिनमध्ये ते घालायला पेटीत आणि काडतूस वर सरकवणाऱ्या पुढच्या उतारावर काम निघतं. उताराचं लोखंड खालच्या लगच्या मागे आधाराला असतं. ते जितकं कमी कापाल तितकं बरं.

नळी नवी घ्या. लार्ज रिंग ९८ चे आटे १.१०० इंच व्यासाचे, इंचाला १२, आणि कोन ५५ अंशांचा, म्हणजे व्हिटवर्थ हे इंग्रजी मानक. जर्मन बंदुकीला इंग्रजी आटे, हो. ६० अंशांच्या टूलने ते कापणारे लोक आहेत. बसतात, पण बाजू पूर्ण टेकत नाहीत. आपल्या माणसाला एवढंच विचारा: आटे कोणत्या कोनाचे कापणार? उत्तरावरून माणूस कळतो.

आणि मित्राच्या कपाटाबद्दल. अखंड, सगळे नंबर जुळणारी लष्करी रायफल कुणी कापायला निघाला तर मी स्वतः आडवा येतो. ती इतिहासाची वस्तू आहे, अशा हजारो १९५० ते ७० च्या दशकांत कापल्या गेल्या आणि आता ज्या उरल्यात त्या जपायला हव्यात. पण तुमची नळी कधीच गेली, चिन्ह घासलेलं आहे. तिला कपाटात ठेवून कुणाचंच भलं होत नाही. बांधा.

दक्षिणद्वीप (क्राइस्टचर्च)

लेथवाले दादांनी धातूचं सगळं सांगितलं. मी लाकडाबद्दल आणि पावसाबद्दल बोलतो, कारण इथे त्याचाच अनुभव येतो.

मी न्यूझीलंडच्या साउथ आयलंडमध्ये राहतो. इथे लाल हरीण, शॅमॉय आणि ताहर यांची शिकार होते. ताहर म्हणजे आपल्या हिमालयातलाच प्राणी. १९०४ मध्ये माउंट कुकजवळ आणून सोडला, आणि इथे त्याला खाणारं कुणी नाही म्हणून डोंगरावरच्या वनस्पती तो संपवत सुटला. तो कमी ठेवणं हे इथल्या संवर्धनाचंच काम मानलं जातं. माझ्याकडे एका म्हाताऱ्या शिकाऱ्याकडून घेतलेली माउझर ९८ आहे, ७×५७ च, अक्रोडाच्या दस्त्याची. पश्चिम किनाऱ्यावर दिवसच्या दिवस पाऊस लागतो.

अक्रोडाचा दस्ता बाहेरून तेल पाजून चकचकीत केलेला असतो आणि आतून कोरा. ॲक्शनखालची खाच, नळीची पन्हळ, मागच्या रबराखालचा उभा छेद, स्क्रूची भोकं: पाणी इथून शिरतं. लाकूड फुगतं, नळीला एका बाजूने रेटतं, आणि सकाळी नीट लागणारी रायफल संध्याकाळी नेम सोडते. म्हणून करणाऱ्याला सांगा की आतली प्रत्येक कोरी जागा बाहेरच्याइतकीच बंद कर. विशेषतः मागचा उभा छेद, तो स्ट्रॉने ओढावं तसं पाणी ओढतो.

वजनाचंही बघा. डोंगरात ७×५७ ला हलकी, बारीक नळी पुरते. पुढच्या बाजूला जड रायफल दिवसभर वाहिली की हात बोलायला लागतात.

वारणाकाठ

दोघांचेही मनापासून आभार. लेथवाले दादा, मॅगझिनचं गणित मी आजोबांना इंग्रजीत समजावून सांगितलं. त्यांनी कागद मागितला, स्वतः त्रिकोण काढून बघितला आणि .३०-०६ चा हट्ट सोडला.

आता फळीचं सांगा. सव्वादोन इंच जाड आहे, गोठ्याच्या माळ्यावर पडून होती. एका टोकाला सुंदर नक्षी आहे, लाटा उठल्यासारखी. आजोबा म्हणतात ती नक्षी पकडीजवळ यावी म्हणजे दिसेल. आणि मूळचा लष्करी खटका (सेफ्टी) दुर्बिणीला आडवा येतोय, त्याचं काय करतात?

लेथवाला

नक्षी पकडीजवळ नको. आजोबांना माझा नमस्कार सांगा आणि हे वाचून दाखवा, लाकडाच्या माणसाला पटेल.

दस्ता मोडतो तो मनगटाशी, म्हणजे चापामागे जिथे मूठ धरतो तिथे. सगळ्यात बारीक जागा ती, आणि धक्का सगळा तिथूनच खांद्याकडे जातो. तिथले रेषे पकडीच्या दिशेनेच सरळ गेले पाहिजेत, वरच्या कडेतून खालच्या कडेला तिरके बाहेर पडता कामा नयेत. जिथे लाटा आणि भोवरे आहेत तिथे रेषे वळलेले असतात, म्हणजे ताकद तुटक. ती नक्षी मागे, गालाच्या बाजूला घ्या. तिथे जाडीही भरपूर आणि दिसतेही छान. पुढच्या हाताखालीही रेषे सरळच हवेत, नाहीतर हवामान बदललं की पुढचा भाग पिळतो. फळीवर पुठ्ठ्याचा दस्ता कापून ठेवा आणि फिरवत बसा, मग खुणा करा. हे काम आजोबांबरोबरच करा, थरथरत्या हातालाही जमतं आणि नजर त्यांची आहेच.

वाळलेली आहे का हे अंदाजाने ठरवू नका. माळ्यावर वर्षानुवर्षं पडलेली फळी बहुतेक सुकलेली असते, पण आता ती घरात आणा, दोन्ही उभ्या टोकांना मेण लावा, आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावर दर महिन्याला वजन करून लिहून ठेवा. आकडा उतरायचा थांबला की तयार. काळा अक्रोड विलायती अक्रोडापेक्षा थोडा भरड रेषांचा, त्याची छिद्रं मोठी, म्हणून चेकरिंगच्या रेघा फार बारीक घेऊ नका. इंचाला २० ते २२ पुष्कळ. २६ ची हौस केली तर हिऱ्यांची टोकं उडतात.

एक जागा मी स्वतः बघितल्याशिवाय दस्ता हातचा सोडत नाही. रिसीव्हरच्या पुढच्या रिंगखाली चौकोनी रिकॉइल लग असतो. तो मागच्या बाजूने लाकडाला पूर्ण, सपाट टेकला पाहिजे. तिथे इपॉक्सीचं बेडिंग करून घ्या, म्हणजे मधली फट इपॉक्सीने भरून घ्या, जुन्या पद्धतीवाले नाक मुरडतील तरी करून घ्या. आणि रिसीव्हरच्या शेपटीमागे कागदाच्या जाडीएवढी मोकळी फट हवी. ती नसेल तर प्रत्येक झटक्याला शेपूट पाचरीचं काम करते आणि दस्ता मनगटातून उभा चिरतो. नावाजलेल्या दुकानातून आलेल्या दस्त्यांतही ही फट सोडलेली नसते, मी पाहिलंय.

लष्करी खटका वरून अर्ध्या वर्तुळात फिरतो, तो दुर्बिणीखाली फिरायला जागाच नाही. त्याऐवजी विनचेस्टर मॉडेल ७० च्या धर्तीचा तीन टप्प्यांचा खटका बोल्टच्या मागच्या टोपीवर बसवतात. तो पुढे-मागे फिरतो आणि थेट फायरिंग पिनला धरतो. नुसता चाप अडवणारा स्वस्त खटका नको. मधल्या टप्प्यावर पिन धरलेली राहूनही बोल्ट उघडता येतो, म्हणजे रायफल रिकामी करताना ती झाडण्याच्या स्थितीत येतच नाही. घरी लहान मुलं असतील, गाडीत चढ-उतर असेल, तर ह्यावर केलेला खर्च सार्थकी लागतो. मूळचा दोन टप्प्यांचा चाप हवा तर ठेवा, मला तो आवडतो. पहिला टप्पा मोकळा, मग एक भिंत, मग सुटतो. थंडीत जाड हातमोज्यांनीही त्याचा अंदाज चुकत नाही.

आणि तुमच्या १९०९ चा खरा दागिना खाली आहे. मॅगझिनची बिजागरीवर उघडणारी तळपट्टी, चापाच्या कडीच्या आतल्या लहान कळीने सुटते. बाकीच्या बऱ्याच लष्करी ९८ मध्ये तळपट्टी काडतुसाच्या टोकाने दाबून काढावी लागते. ह्या एका गोष्टीसाठी कस्टमवाले १९०९ शोधत असतात. ती बदलू नका, नुसती हाताने साफ करून घ्या. पॉलिशच्या चाकावर धरली की कडा गोल होतात आणि सांधा उघडा दिसायला लागतो.

वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी दोन गोष्टी. जुनी म्हणजे सगळीच चांगली असं नाही. स्प्रिंगफील्ड १९०३ चे सुरुवातीचे रिसीव्हर, स्प्रिंगफील्ड कारखान्याचे ८,००,००० च्या खालच्या आणि रॉक आयलंडचे २,८५,५०७ च्या खालच्या नंबरांचे, कुणी फुकट दिले तरी बांधू नका. भट्टीची आच डोळ्याने रंग बघून ठरवायचे, त्यात काही पोलाद जळालं आणि ठिसूळ झालं. कोणतं जळालं हे बाहेरून कळत नाही. पेन्सिल्व्हेनियातच एडीस्टोनला बनलेल्या १९१७ च्या एनफील्ड मिळाल्या तर नळी उघडताना सांभाळा. नळ्या इतक्या ताकदीने कसलेल्या असतात की जबरदस्ती केली तर रिंगला तडा जातो. आधी रिंगच्या पुढे नळीला खाच घेऊन ताण सोडवतात, मग फिरवतात.

जावळीकर (सातारा)

वाचून फार आनंद झाला. आमच्याकडे आजोबांच्या काळची एक विलायती बोल्ट रायफल आहे, लायसन्सवर, वडिलांच्या नावाने. दस्ता मनगटाशी चिरलेला आहे, आता कारण कळलं! इथे असं काही करता येईल का? नळी बदलून वगैरे?

लेथवाला

जावळीकर, दस्त्याची दुरुस्ती करता येईल, पण लायसन्स असलेल्या बंदूक दुरुस्ती करणाऱ्याकडूनच. १९५९ च्या शस्त्र कायद्यात बंदूक बनवणं, बदल करणं, दुरुस्त करणं, चाचणी घेणं, सगळ्याला परवाना लागतो, त्यामुळे गावातल्या सुताराकडे किंवा ओळखीच्या वर्कशॉपमध्ये नेऊ नका. नळी किंवा कॅलिबर बदलणं डोक्यातून काढून टाका. तिथे .३०३ सारखी लष्करी बोअर प्रतिबंधित आहेत आणि लायसन्सवर जे लिहिलंय तेच हातात असायला हवं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच बंदुका ठेवता येतात, वारसाहक्काच्या धरून, तेही वडिलांच्या कागदांत बघून घ्या. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकारीवर बंधनं आली आणि १९९१ च्या दुरुस्तीनंतर ती बंदच आहे, आणि ते योग्यच झालं. आपल्या सह्याद्रीत आज जे थोडं गवं-भेकर उरलंय ते त्यामुळे. दस्ता जोडून, आतून-बाहेरून तेल देऊन, गंज थांबवून ठेवा.

आणि अमेरिकेत एच-१बी, म्हणजे नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्यांसाठी: इथल्या केंद्रीय कायद्याने तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला बंदूक किंवा काडतुसं बाळगता येत नाहीत. कोणत्याही राज्याचं चालू शिकारीचं लायसन्स असेल तर अपवाद आहे. मित्राची रायफल रेंजवर सहज हातात घेण्याआधी हे वकिलाकडून नीट समजून घ्या. एका चुकीने व्हिसाच काय, पुढचं सगळं अडकतं.

वारणाकाठ

दादा, शेवटचं एक. ॲक्शन कडकपणा मोजायला पाठवतोय. बोल्ट बरोबर पाठवू की घरी ठेवू? आणि नळीची लांबी?

लेथवाला

दोन्ही बरोबर पाठवा. पिन, स्प्रिंग, एक्स्ट्रॅक्टर काढून घरी डबीत ठेवा, नुसता बोल्टचा दांडा आणि रिसीव्हर जाऊ द्या. लगचा कडकपणा आणि पायरीचा कडकपणा दोन्ही कळले पाहिजेत, एकटा आकडा उपयोगाचा नाही. खाच किती खोल आहे हेही त्यांना लिहून द्यायला सांगा.

नळी २२ इंच घ्या, नळीच्या आतल्या खोबणीचा पिळ ९ इंचाला एक. १४० ग्रेन त्यात छान स्थिरावते, आणि पुढे कधी १७५ ग्रेनची जुनी लांब गोळी चालवावीशी वाटली तर तीही चालेल. रिपोर्ट आला की इथेच टाका, नळीची ऑर्डर त्यानंतर.